हातातले पत्र, फोनवरचा शब्द

सांगलीच्या हळद बाजारात एकदा भाव मान्य झाला की सौदा झाला, असे समजले जाते. पोते अजून जागचे हललेले नसते, पैसेही यायचे असतात. तरीही विकणारा दुसऱ्याला माल दाखवत नाही आणि घेणारा मागे फिरत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या घरांनी अशा बाजारात व्यवहार केला, त्यांच्या मनात शब्दाचे मोल किती असते हे वेगळे सांगावयास नको. 'शब्द फिरवला' यापेक्षा मोठा कलंक पेढीला लागू शकत नाही, हे तेथील मुलांना पाढ्यांबरोबरच शिकविले जाते.

अशाच एका घरातील ही हकिकत आहे. हळदीची तीन पिढ्यांची पेढी. घरातील थोरली मुलगी सनदी लेखापाल झाली आणि या घराण्यात प्रथमच कोणी नोकरीस निघाले. तोपर्यंत या घराने नोकर ठेवले होते. नोकरी कोणी केली नव्हती. नोकरीच्या जगाचे रीतिरिवाज त्यामुळे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

एका सोमवारी कोल्हापूरच्या एका यंत्रभाग बनविणाऱ्या कंपनीचे पत्र मुलीच्या हाती आले. हिशेब विभागात अधिकारी, वार्षिक 7,80,000 रुपये, रुजू होण्याची तारीख, परिवीक्षेचा काळ, सारे नमूद केलेले. उत्तर शुक्रवार सायंकाळपर्यंत मागितले होते. गुरुवारी दुपारी मुंबईच्या एका वित्तसंस्थेतून फोन आला. तेथे तिच्या मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या. "आपली निवड झाली आहे. वार्षिक अकरा लाख. पत्र सोमवारी निघेल. दुसरीकडे काही चालू असेल तर त्यांना कळवून टाका," असे फोनवरील अधिकारी म्हणाले.

रात्री जेवणानंतर घरात विचारविनिमय झाला. "अण्णा, पत्र अजून हातात नाही," असे मुलीने एकदा म्हटले. वडील म्हणाले, "शब्द दिलाय ना त्यांनी? मग झालं. कोल्हापूरकरांना उगाच लटकवून ठेवू नकोस, बाळ. त्यांनाही दुसरा माणूस बघायचा असेल." वडिलांचे हे म्हणणे लोभातून आलेले नव्हते. आपल्यामुळे दुसऱ्याचा खोळंबा होऊ नये, ही सचोटी त्यामागे होती. शुक्रवारी सकाळी मुलीने कोल्हापूरला आभाराचे व नकाराचे ईमेल पाठविले.

सोमवारी पत्र आले नाही. बुधवारी चौकशी केली तेव्हा 'दोन दिवसांत' असे उत्तर मिळाले. बाराव्या दिवशी त्याच अधिकाऱ्यांचा फोन आला. आवाजात खरा संकोच होता. मुख्यालयाने त्या तिमाहीतील नवी भरती थांबविली होती. मुलीने धीर करून कोल्हापूरला फोन लावला. तेथील गृहस्थ सौजन्याने बोलले. परंतु यादीतील पुढच्या उमेदवाराला पत्र गेले होते आणि त्याने होकारही दिला होता. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, अशी गत झाली.

या हकिकतीत कोणीही खोटे बोलले नाही. मुंबईच्या अधिकाऱ्यांनी फसविले नाही, कोल्हापूरकरांनी अन्याय केला नाही, वडिलांनी वाईट सल्ला देण्याच्या हेतूने काही म्हटले नाही. सारी माणसे सरळ असूनही एका मुलीच्या आयुष्यातील सात महिने कोरे गेले. म्हणूनच या प्रश्नाचा विचार भल्याबुऱ्या माणसांच्या भाषेत न करता व्यवहाराच्या भाषेत करणे आवश्यक आहे.

बाजारातील शब्द का टिकतो?

बाजारात शब्द टिकतो त्याला तीन कारणे आहेत. पहिले, शब्द देणारा स्वतः मालक असतो किंवा मालकाने अधिकार दिलेला माणूस असतो. तो 'घेतला' म्हणाला की त्याच्यावर दुसरा कोणी नसतो. दुसरे, दोन्ही पक्षांना उद्या, परवा आणि पुढच्या हंगामातही एकमेकांशी व्यवहार करावयाचा असतो. आज शब्द मोडला तर उद्या यार्डात तोंड दाखविणे कठीण होते. तिसरे, व्यवहार दहाजणांच्या देखत होतो. एके काळी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची, म्हणजे हत्त्याची रीत होती. नियंत्रित बाजारपेठांनी ती मोडून उघड लिलाव आणला, तो याचसाठी की ठरले काय, याला साक्ष असावी. आणि इतके असूनही सौद्याची नोंद होतेच. हिशेबपट्टी लिहिली जातेच.

नोकरीच्या बाबतीत यातील एकही आधार नसतो. फोन करणारे अधिकारी स्वतःच पगारदार असतात. निवड करण्याचा अधिकार एका विभागाचा, जागा मंजूर करण्याचा दुसऱ्याचा, खर्चाला मान्यता देण्याचा तिसऱ्याचा. फोनवरील माणूस जे सांगतो ते त्याच्या माहितीप्रमाणे त्या दिवशी खरे असते. पण ते खरे ठेवणे त्याच्या हाती नसते. पुढे त्या उमेदवाराशी त्याचा संबंध येईलच असे नाही. आणि दोघांतील संभाषणाला तिसरा साक्षीदार नसतो.

म्हणून पत्र मागणे म्हणजे समोरच्याच्या सचोटीवर संशय घेणे नव्हे. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने निर्णय घेतला आहे किंवा नाही, एवढेच पत्रावरून कळते.

पेढीला हे ठाऊक होते

या घरातील खेदाची गोष्ट अशी की, वडिलांना हे तत्त्व दुसऱ्या एका क्षेत्रात पक्के ठाऊक होते. हळदीच्या हंगामाच्या तोंडावर पेढीने बँकेकडे कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागितली होती. शाखाधिकारी ओळखीचे, भले गृहस्थ. "होऊन जाईल, काळजी करू नका," असे ते म्हणाले होते. तरीही मंजुरीपत्र हाती येईपर्यंत वडिलांनी वाढीव मालाची खरेदी केली नव्हती. पेढीवर कोणी विचारले तेव्हा त्यांचे उत्तर होते, "साहेबांचा शब्द साहेबांपुरता. मंजुरी वरून यायची असते."

बँकेच्या कामकाजाची पद्धत त्यांनी नेमकी ओळखली होती. प्रत्येक श्रेणीच्या अधिकाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंतच मंजुरीचा अधिकार असतो. त्यापुढील प्रकरण क्षेत्रीय किंवा विभागीय कार्यालयात जाते. शाखाधिकारी शिफारस करतो, मंजुरी देत नाही. मंजुरीपत्रात रक्कम, व्याजदर, तारण, जामीन, मुदत आणि अटी लिहिलेल्या असतात. त्या अटी कर्जदाराने सहीनिशी मान्य केल्यावर, कागदपत्रे पूर्ण झाल्यावर रक्कम उचलता येते. तोंडी आश्वासनावर विसार देऊन बसलेले आणि नंतर मंजुरी कमी रकमेची आल्यामुळे अडचणीत सापडलेले व्यापारी प्रत्येक बाजारपेठेत आढळतात.

नोकरीचे प्रकरणही असेच शिफारस, मंजुरी, पत्र, अटी आणि स्वीकृती या पायऱ्यांनी जाते. 'आपली निवड झाली आहे' हा फोन म्हणजे शाखाधिकाऱ्याचे 'होऊन जाईल'. त्यावर विसंबून हाती असलेले पत्र परत करणे म्हणजे मंजुरीपत्राआधी माल उचलणे होय. वडिलांनी पेढीसाठी जो नियम पाळला तोच मुलीच्या नोकरीस लावला असता तर प्रसंग टळला असता. परंतु नोकरी हा 'व्यवहार' आहे असे त्यांच्या मनाने घेतलेच नव्हते. त्यांच्या दृष्टीने ती मुलीच्या गुणांची कदर होती, आणि कदर करणाऱ्याकडे कागद कसा मागावा?

कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे आणि नोकरीचा करारही मूलतः त्याच्याच चौकटीत बसतो. या कायद्याप्रमाणे तोंडी करार अवैध नाही. प्रस्ताव, त्याचा स्वीकार, मोबदला आणि दोन्ही पक्षांची मुक्त संमती असली की करार होऊ शकतो. मग फोनवरील शब्दाला किंमत नाही असे कसे म्हणावे? अडचण सिद्धतेची आहे. नेमके काय ठरले, कोणत्या तारखेपासून, कोणत्या वेतनावर, आणि बोलणाऱ्याला कंपनीला बांधून घेण्याचा अधिकार होता का, हे सारे उमेदवाराला सिद्ध करावे लागते.

याच कायद्याचे कलम 5 सांगते की, स्वीकृती प्रस्तावकाविरुद्ध पूर्ण होण्यापूर्वी प्रस्ताव केव्हाही मागे घेता येतो. म्हणजे लेखी पत्र आले तरी ते नुसते खणात ठेवून भागत नाही. मुदतीत लेखी होकार पाठविणे हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे. कलम 7 प्रमाणे होकार निर्भेळ व विनाअट असावा लागतो. 'मान्य आहे, पण वेतन थोडे वाढवावे' हा होकार नव्हे, तो नवा प्रस्ताव ठरतो.

नकार दिलेला प्रस्ताव पुन्हा जिवंत होत नाही, हे दाखविणारा एक जुना इंग्रजी निवाडा वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. 1840 सालच्या जून महिन्यात रेंच नावाच्या गृहस्थाने आपली शेतजमीन 1,000 पौंडांना देऊ केली. हाइड या खरेदीदाराने 950 पौंड देण्याची तयारी दाखविली. रेंचने ते नाकारले. तेव्हा हाइडने 'बरे, 1,000 पौंड मान्य' असे कळविले. न्यायालयाने म्हटले की, करार झालाच नाही; 950 चा उलट प्रस्ताव देताना हाइडने पहिला प्रस्ताव संपवून टाकला होता. नुसत्या उलट प्रस्तावाने ही गत होते, तर स्वच्छ नकारानंतर काय उरणार? कोल्हापूरच्या कंपनीने दुसऱ्याला पत्र दिले यात तिचा काडीमात्र दोष नव्हता.

मग मुंबईच्या संस्थेवर दावा? कलम 73 प्रमाणे करारभंगाची भरपाई मागता येते, परंतु ती करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेल्या नुकसानीची; दूरान्वयाने झालेल्या हानीची नव्हे. खासगी नोकरीच्या बाबतीत न्यायालये भरपाई बहुधा नोटीस काळाच्या वेतनाच्या आसपासच ठेवतात, आणि व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालयामार्फत सक्तीने अमलात आणता येत नाही, हे विशिष्ट अनुतोष कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व आहे. एक-दोन महिन्यांच्या पगारासाठी, तेही तोंडी शब्दाच्या आधारे, वर्षानुवर्षे दावा लढविणे व्यवहारात परवडत नाही. सरकारी नोकरीतही केवळ निवड यादीत नाव आले म्हणून नियुक्तीचा अबाधित हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये शंकरसन दाश प्रकरणात स्पष्ट केले आहे. यादीत छापलेल्या नावाची ही स्थिती, तर फोनवरील वाक्याची काय सांगावी?

एक दिलासा मात्र आहे. लेखी म्हणजे टपालाने आलेला शिक्क्याचा कागदच हवा असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेला करार केवळ त्या कारणाने अग्राह्य ठरत नाही. कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून आलेला, अटी स्पष्ट नमूद केलेला प्रस्ताव पुरेसा आहे. जे पत्र चार मिनिटांत ईमेलने येऊ शकते, ते चार दिवस येत नसेल तर बहुधा ते कोठेतरी सहीसाठी अडले आहे, एवढे जरूर समजावे.

पत्रापत्रांतील भेद

सर्वच पत्रे सारखी नसतात. 'इरादापत्र' म्हणजे कंपनीने व्यक्त केलेली इच्छा. त्यात 'पुढील मान्यतेच्या अधीन' असे शब्द असतील तर ते वचन समजू नये. 'प्रस्तावपत्र' हे खरे देऊ केलेले पद. त्यावर लेखी होकार दिला की पाया पक्का होतो. 'नियुक्तिपत्र' बहुधा रुजू होताना मिळते. प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र देण्याचे कर्तव्य 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेने मालकावर टाकले आहे.

प्रस्तावपत्र वाचताना कंपनीचे पूर्ण नोंदणीकृत नाव, पद, कामाचे ठिकाण, रुजू होण्याची तारीख, परिवीक्षेचा काळ, दोन्ही बाजूंचा नोटीस काळ, बंधपत्र असल्यास त्याची रक्कम व मुदत, आणि उत्तर देण्याची अंतिम तारीख या गोष्टी तपासाव्यात. पूर्वीच्या नोकरीची पडताळणी, वैद्यकीय तपासणी, परीक्षेचा निकाल अशा अटींवर प्रस्ताव अवलंबून असेल तर त्या अटी आपण पूर्ण करू शकतो का, हे होकारापूर्वी पाहावे.

वेतनाचा आकडा तर हिशेब करूनच वाचावा. फोनवर सांगितला जातो तो कंपनीचा एकूण वार्षिक खर्च. समजा तो 11,00,000 रुपये आहे, त्यातील मूळ वेतन निम्मे म्हणजे 5,50,000. पूर्ण मूळ वेतनावर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा 12 टक्के हिस्सा धरला तर 66,000. वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे उपदानाची तरतूद सुमारे 26,400. कामगिरीनुसार मिळणारा बदलता भाग एक-दशांश धरला तर 1,10,000. हे वजा जाता दरमहा मिळण्याजोगे सुमारे 74,800 उरतात. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधीचा 5,500 चा हिस्सा जाऊन साधारण 69,300 राहतात. व्यवसाय कर आणि प्राप्तिकर आणखी वेगळे. अकरा लाखांना बाराने भागून 91,667 ची स्वप्ने पाहणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. त्यातून मुंबईचे घरभाडे वजा केले की कोल्हापूरचे 7,80,000 आणि मुंबईचे 11,00,000 यांतील अंतर वाटले होते तेवढे राहत नाही. हा ताळा पत्राशिवाय मांडताच येत नाही, कारण विभागणी फोनवर कोणी सांगत नाही.

मुदत मागणे म्हणजे शब्द फिरविणे नव्हे

शुक्रवारची मुदत आणि सोमवारचे पत्र, या कात्रीत मुलीने काय करावयास हवे होते? तिच्यापुढे तीन मार्ग होते.

पहिला, मुंबईच्या अधिकाऱ्यांना त्याच फोनवर नम्रपणे सांगणे: "आनंद झाला, आभारी आहे. माझ्या हाती दुसरे लेखी पत्र असून त्याला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. आपले पत्र त्यापूर्वी मिळाल्यास मला निर्णय घेता येईल." यात उद्धटपणा नाही आणि खोटेपणाही नाही. खरोखर घेऊ इच्छिणारी संस्था अशा वेळी पत्राची घाई करते. ती करू शकत नसेल, तर तेही एक उत्तरच असते.

दुसरा, कोल्हापूरकरांकडे मुदत वाढवून मागणे: "आपल्या प्रस्तावाबद्दल मनःपूर्वक आभार. घरच्यांशी विचारविनिमय करून निश्चित उत्तर देण्यासाठी बुधवारपर्यंत अवधी मिळावा ही विनंती." अनेक कंपन्या तीन-चार दिवस देतात. न दिल्यास निदान परिस्थिती स्वच्छ कळते.

तिसरा, दोन्ही मार्ग बंद झाल्यास जे हाती आहे ते आणि जे हाती नाही ते, यांतून निवड करणे. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हातातल्या प्रस्तावाला होकार देऊन ठेवायचा आणि दुसरे पत्र आले की तो मोडायचा, असा सल्ला काही मंडळी चतुराई म्हणून देतात. ज्यांच्या घरात शब्दाला मान आहे त्यांनी तो स्वीकारू नये. होकारावर विसंबून समोरचाही आपल्या इतर उमेदवारांना परत पाठवितो. लेखी होकार हा दोन्ही बाजूंचा शब्द आहे. म्हणून मुदत उघडपणे मागावी. मुदत मिळाली नाही तर निवड करावी. आणि जी निवड केली तिच्याशी प्रामाणिक राहावे. लेखी नसलेल्या नोकरीसाठी नकार देण्याचाही निर्णय एखादा घेऊ शकतो, पण तो धोका पत्करला आहे हे जाणून, आणि निदान सहा महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवून.

हाच नियम राजीनाम्यालाही लागू आहे, किंबहुना अधिक कडकपणे. नवे प्रस्तावपत्र हाती येऊन, लेखी होकार देऊन त्याची पोच मिळाल्याखेरीज जुन्या ठिकाणी राजीनामा देऊ नये. अविवाहित मुलीचे सात महिने गेले ते घराने सांभाळले. गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या, शाळेत मुले असणाऱ्या माणसाचे तसे होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत शिल्लक संपते, पुढे दागिना तारण जातो, आणि मग कमी पगाराची पहिली नोकरी मान खाली घालून घ्यावी लागते. महाविद्यालयीन भरतीतही सावध असावे. अनेक संस्थांत एकदा एका कंपनीचा प्रस्ताव मिळाला की विद्यार्थ्याला पुढच्या कंपन्यांसमोर बसता येत नाही. मंदीच्या वर्षांत रुजू होण्याच्या तारखा पुढे ढकलल्या जातात, हे 2008-09 मध्ये आणि पुन्हा 2022-23 मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या मुलांनी अनुभवले. पत्र असूनही थांबावे लागले. पत्र नसते तर थांबण्यालाही आधार उरला नसता.

कागदही पारखून घ्यावा

लेखी पत्राचा आग्रह धरताना एक सावधगिरी हवी. बनावट पत्रांचाही बाजार आहे. नामांकित कंपनीच्या नावाचे सुबक पत्र येते आणि पाठोपाठ नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश किंवा संगणकाची अनामत म्हणून काही हजार रुपये मागितले जातात. खरा मालक नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाही, एवढे एक सूत्र लक्षात ठेवले तरी बहुतेक फसवणूक टळते. ईमेलचा पत्ता कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळाच्या नावाशी जुळतो का, कंपनीची नोंद केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसते का, आणि कंपनीच्या मुख्य दूरध्वनीवर चौकशी केल्यास पत्राला दुजोरा मिळतो का, हे तीन ताळे अर्ध्या तासात जुळविता येतात. धनादेश वटल्याखेरीज पावती पक्की होत नाही, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आपली पेढी काय करते?

व्यापारी घराण्यांसाठी या विषयाची एक दुसरीही बाजू आहे. आपली मुले आता नोकरी मागू लागली आहेत, पण आपण पिढ्यान् पिढ्या नोकरी देत आलो आहोत. दुकानावर, गोदामावर, हिशेबाला माणूस ठेवताना आपण काय करतो? "एक तारखेपासून या," एवढेच म्हणतो. तो माणूस त्या शब्दावर आपली असलेली जागा सोडतो. मग हंगाम मंदा जातो, किंवा भावाभावांत मतभेद होतो, आणि आपण सहज म्हणून जातो, "दिवाळीनंतर बघू." आपल्या लेखी ते एक वाक्य असते, त्याच्या घरात चूल त्यावर अवलंबून असते. मुंबईच्या वित्तसंस्थेला ज्या गोष्टीसाठी आपण दोष देऊ, ती आपल्या गादीवरूनही घडत नाही ना, हे तपासणे न्याय्य ठरेल.

सांगलीच्या त्या मुलीला सात महिन्यांनी पुण्यात नोकरी मिळाली. पत्र आले, तिने मुदतीत लेखी होकार दिला, पोच आली, आणि मगच इतर दोन ठिकाणी चाललेल्या मुलाखती तिने आभार मानून थांबविल्या. वेतन कोल्हापूरच्या पहिल्या प्रस्तावापेक्षा किंचित कमी होते. त्याबद्दल घरात कोणी बोलले नाही.

पुढल्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा पेढीवर नवा हिशेबनीस ठेवण्याचे ठरत होते. गृहस्थ शेजारच्या अडत दुकानात अकरा वर्षे काम करीत होते. वेतन ठरले, तारीख ठरली.

"अण्णा, त्यांना पत्र दिलं का?" मुलीने विचारले.

"पत्र कशाला? माझा शब्द आहे," वडील म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले.

त्याच संध्याकाळी पेढीच्या छापील कागदावर पत्र तयार झाले. काम, वेतन, रुजू होण्याची तारीख, सुट्ट्या, दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना. मुलीने मसुदा लिहिला, वडिलांनी दोनदा वाचून सही केली. पेढीच्या इतिहासातील ते पहिले प्रस्तावपत्र. हिशेबनिसांनी दुसऱ्या प्रतीवर सही करून दिली, आपली प्रत घडी घालून खिशात ठेवली, आणि मगच ते जुन्या मालकांना सांगावयास गेले.